कधीच जुना न होणारा रंग

चष्मेवाल्यांच्या हॉलची एक भिंत जांभळी होती आणि उरलेल्या तीन नारिंगी. एके काळी हीच फॅशन होती, असं त्यांची ताई अजून शपथेवर सांगायची, कारण रंग तिनेच निवडले होते. फॅशन आली तशी गेली, भिंती मात्र राहिल्या. साठी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या माणसाच्या भिंतींकडे बघतं कोण? पण यंदा सिस्टर आल्या आणि त्यांनी बघितलं.

सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाई. वाचायच्या चष्म्यासाठी त्या दुकानात आल्या. मग चष्म्याची काडी सैल झाली म्हणून आल्या, मग काडी फार घट्ट झाली म्हणून आल्या आणि पुढे तर काडीचं नावही न काढता यायला लागल्या. शेवटी चष्मेवाल्यांनी असेल नसेल तो धीर एकवटून लग्नाचं विचारलं आणि त्यांना घर दाखवायला नेलं. सिस्टर जांभळ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि पोट धरून हसल्या.

"आधी ह्या भिंतींचं काहीतरी करा हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मग बघू."

आता, 'मग बघू' म्हणजे नेमकं काय, ह्याच्या नादी शहाण्या माणसाने लागू नये. चष्मेवाल्यांनी मात्र आठवडाभर दुसरा विचारच केला नाही. त्यांनी लावलेला अर्थ असा, की सगळं भिंतींवर अडलंय. जुनाट रंग बघून ह्या बाईंना आज हसू आलं, उद्या कंटाळा येईल. भिंतींचा कंटाळा आला की घराचा येणार आणि मग घरवाल्याची खैर नाही. तेव्हा रंग हवा तो असा, की जो कधीच जुना दिसणार नाही.

"राखाडी लाव," ताई फोनवर म्हणाली. "हल्ली सगळे राखाडीच लावतायत."

"म्हणजे उद्या सगळे खरवडून काढणार," चष्मेवाले म्हणाले. ताईच्या सल्ल्याचं फळ ते इतकी वर्षं भिंतींवर रोज बघत होते.

मग त्यांनी आपल्याला जमतं तेच केलं. आयुष्यभर त्यांचं काम एकच. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं की आधी?" त्यांनी अक्षरांच्या फळ्याशेजारी शेडकार्डातले दोन-दोन तुकडे चिकटवले आणि डोळ्यांबरोबर रंगांचाही निकाल लावायला घेतला. डावीकडचा बरा की उजवीकडचा? गिऱ्हाइकं बिचारी इमानदारीत सांगत गेली. एकेक रंग बाद झाला आणि शेवटी सायीसारखा एक फिकट रंग उरला, धड पांढरा नाही, धड पिवळा नाही. त्याला कुणाचाच विरोध नव्हता. एवढ्या लोकांचं एकमत झालंय म्हटल्यावर चष्मेवाले निर्धास्त झाले.

पेंटरने मात्र नाक मुरडलं. खालचा जांभळा काही केल्या झाकला जाईना, हातावर हात द्यावे लागले. शेवटचा हात देऊन तो म्हणाला, "साहेब, हा काय जुना होतोय! आधी दिसला तर पाहिजे." चष्मेवाल्यांना ते कौतुकच वाटलं.

रंग वाळल्यावर सिस्टरना बोलावणं गेलं. त्या आल्या, दारातच थबकल्या आणि ह्या खेपेला हसल्या नाहीत. खुर्चीच्या कडेला टेकल्या. पर्स मांडीवरच ठेवली, वर दोन्ही हात. दवाखान्यात आत बोलावणं येईपर्यंत बाकावर बसतात ना, तशा. चष्मेवाले लगबगीने पुढे आले.

"आवडला नाही?"

"चांगला आहे. टिकेल." सिस्टरनी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. "निवडला कुणी?"

"गिऱ्हाइकांनी. डोळे तपासताना विचारून घेतलं."

"म्हणजे नाकावर ती चौकट असताना?"

"हो."

"काचा बदलत असताना?"

"हो, म्हणजे..."

"अहो चष्मेवाले," सिस्टर म्हणाल्या, "ज्यांना धड दिसत नाही अशांना धरून तुम्ही रंग निवडलात?"

इतकी वर्षं दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलेल्या ह्या माणसाला एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती. सिस्टर हसल्या खऱ्या, पण पर्स मांडीवरून हलली नाही. तेव्हा मात्र चष्मेवाल्यांना राहवेना.

"खरं सांगू का? मला भीती वाटली. भिंत जुनाट दिसली की तुम्ही कंटाळणार. आणि मी तर मुळातच जुना माल."

सिस्टरनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "माझ्या वॉर्डाला हाच रंग होता. सगळी नोकरी त्याच्यात गेली. तो कधी जुना झाला नाही, कारण तिथे कुणाला राहायचंच नव्हतं. जो तो घरी जायला टपलेला. मीसुद्धा."

"मग आता काय करू?"

"असा रंग लावा, की ज्याचा चार-पाच वर्षांत आपल्याला वैताग येईल."

"आणि वैताग आल्यावर?"

"पुन्हा शेडकार्ड आणू. पुन्हा भांडू. तुमच्या ताईंनाही बोलावू, त्यांनाही भांडू दे. माझी तयारी आहे. तुमची आहे का?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो काही मळलेला नव्हता. इतका आनंद कुठे ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"पण तुम्ही तर 'बघू' म्हणाला होतात."

"मग, बघितलं की," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेंटर डोकं खाजवत आला. सिस्टरनी शेडकार्डावर बोट ठेवलं ते थेट पोपटीवर. पेंटरने चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाले खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडेच होते.

"मॅडम, आधीच सांगतो हं," पेंटर म्हणाला. "हा फार दिवस चालायचा नाही. चार-पाच वर्षांत जुनाट दिसायला लागेल."

"दिसू दे. तेव्हा तुम्हालाच बोलावू. आम्ही दोघं इथंच असू." सिस्टरनी भिंतीला हात लावून बघितला. "आणि दाराजवळचा तो खिळा काढू नका. माझी पर्स तिथे अडकवायची आहे."