वळशाचं गिऱ्हाईक

तिने इस्त्रीवाल्याचा क्रेट आतून ओढून गाडीच्या दाराशी आणून ठेवला. जो आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा, ही बाबांची रीत.

"हा आज आधी देऊन मोकळी होते," ती म्हणाली.

"देऊन, की सांगून?" पालकाच्या जुड्या बांधत आईने विचारलं.

"दोन्ही."

बाबा गेल्यापासून मामा गाडी चालवत होता आणि रोज संध्याकाळी पेट्रोलच्या नावाने बोटं मोडत होता. शेवटी ती शहरातली नोकरी सोडून आली. आईने हंगाम संपेपर्यंतची मुदत दिली. घरपोच भाजी देणं परवडलं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला शेतातला सगळा माल त्याच्या पदरात घालायचा. बाबांच्या मागे त्यांचं चालतं-फिरतं असं ही गाडीच उरली होती. तिने प्रत्येक वस्तीला वार ठरवून दिला, शेजारच्या घरांना एकाच दारात माल घ्यायला राजी केलं. सगळं मार्गी लागत आलं होतं. अडत होतं ते पुलापलीकडच्या एका गल्लीपाशी. एक क्रेट टाकायचा आणि तेवढ्यासाठी सगळा पूल दोनदा ओलांडायचा.

"बाबा कशाला जायचे गं तिकडे?"

"मी काय कमी डोकं फोडलं? म्हणायचे, जुनं गिऱ्हाईक आहे. गाडीला हवा खायला न्यायचे, दुसरं काय." आईने दोरीची गाठ आवळली आणि इस्त्रीवाल्याच्या क्रेटवर मटारच्या शेंगा पसरल्या. "याला मटार लागतात, असं सांगून ठेवलंय त्यांनी."

इकडची फेरी आजवर मामाच करायचा, पण गल्ली तिच्या चांगल्या ओळखीची होती. इस्त्रीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, रात्रपाळीच्या नोकरीची सगळी वर्षं तिने काढली होती. सामान पोचवायला आलेल्या बाबांनी जाता जाता इथेही एक गिऱ्हाईक जोडलं असणार, असं तिला वाटलं. त्यांना ते जमायचं.

"अरे, तिसऱ्या मजल्यावरच्या ताई!" इस्त्रीवाला हसला. "खोली सोडलीत ती भाजी विकायला?"

"बाबांची गाडी आहे."

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "काका गेले ते कळलं मला. पण ते तुमचे वडील?"

तिने मान हलवली आणि वाटेत जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं. पुढच्या आठवड्यापासून इकडे येणं परवडणार नाही, पुलाअलीकडच्या दुकानात क्रेट ठेवता येईल.

"नको हो. एकट्याला एवढी भाजी लागते कुठे? काकांनीच गळ घातली होती. म्हणाले, तू घेतलीस तर माझी इकडे फेरी होईल." तो शर्टाची घडी घालू लागला. "आणि एक सांगू? इतक्या वर्षांत एकदाही वांगं दिलं नाही त्यांनी. माझा जीव वांग्यावर. मागितली की म्हणायचे, आमच्याकडे वांगी नीट होत नाहीत. मटार मात्र प्रत्येक खेपेला. सोलून सोलून बोटं दुखायची माझी."

तिने सवयीने क्रेटमधली एक शेंग उचलून दाणे तोंडात टाकले. लहानपणी ती ताटातलं वांगं हळूच बाबांच्या ताटात सरकवायची. आई बघत नाही असं पाहून बाबा ते खाऊन टाकायचे.

"इथेच उभे राहून चहा घ्यायचे, वर बघत. मी एकदा विचारलं, काका, वर कोणी गिऱ्हाईक आहे का? तर म्हणाले, आहे, पण झोपलंय. रात्रपाळी असते त्याची. झोपमोड नको..."

घातलेली घडी त्याने मोडली आणि पुन्हा घातली.

तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांवर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

ती गाडीकडे गेली. मागचा क्रेट पुढे ओढून तिने त्यातली वांगी ओंजळीने काढली आणि त्याच्या टेबलावर, कपड्यांच्या बाजूला ठेवली. पुन्हा जाऊन आणखी आणली.

"ही कोणाची?"

"आमचीच."

"होत नाहीत म्हणायचे ना?"

"होतात," ती म्हणाली.

संध्याकाळी गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकून आई बाहेर आली.

"सांगितलंस?"

"हो. पुढच्या आठवड्यापासून ती गल्ली बंद. बसतंय सगळं आता."

"म्हणजे गाडी राहिली."

"राहिली."

आईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "फोन आला होता एका घरून. वांगी नव्हती म्हणे क्रेटमध्ये. मी तर भरली होती."

स्वयंपाकघरात जाऊन तिने टोपलीतली चार वांगी धुतली आणि पाट ओढून बसली.

"आज हीच कर."

"आणि तू काय खाशील?"

तिने सुरी घेतली आणि पहिल्या वांग्याचं देठ कापलं.