‘यस’च्या आधी
तडकलेल्या काचेखाली पॉजच्या त्या दोन उभ्या रेघा... योगेश्वरीचा घामेजलेला अंगठा त्यांच्यावर, आणि अख्खा नववीचा वर्ग तिच्याकडे बघणारा. पुस्तकातलं सावकाश इंग्रजी पुरे, कुणाचं तरी खरं बोलणं ऐकवा, असं मंजू मॅडम म्हणाल्या, आणि हिने आणला बाबांच्या फोनमधला व्हिडिओ — गेल्या पावसाळ्यात सारस पक्षी बघायला आलेल्या परदेशी बाई आपल्याच धानाच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून काहीतरी विचारताहेत...

“काऊन वं इतकी भरभर बोलते हे?” उर्वशी वैतागली. “पंपाचाच आवाज येऊन राहिला!”

“सगळे शब्द नोको पकडू,” योगेश्वरी म्हणाली. “ पहिले सांग, बाई सांगून राहिली का विचारून राहिली?”

पुन्हा लावलं.

“विचारून राहिली... नेस्ट म्हणते. घरट्याजवळ जाऊ का, म्हणते!”

उर्वशीला दोनदा ऐकून कळलं! मला तीस वेळा ऐकावं लागलं होतं, माळ्यावर बसून, आणि कळलं तेव्हा जेवण गेलं नव्हतं... कारण बाबा फोन धरून कौतुकाने म्हणत होते, माही पोरगी इंग्रजी बोलून राहिली, आणि मी एक अक्षर न कळता मान डोलावत होते. बाई घरट्यापर्यंत गेल्या. जोडी उडाली ती त्या घरट्यावर परत बसलीच नाही.

आता व्हिडिओत तिचं स्वतःचं उत्तर येणार — अंगठा दाबला. बाईंचा प्रश्न हवेत लटकलेला.

“तुम्ही काय म्हणसान?” तिने वर्गाला विचारलं.

“नो!” अख्खा वर्ग ओरडला, मंजू मॅडमसुद्धा, बाहेर खिचडी ढवळणाऱ्या अनुसयाबाई पळी घेऊन दारात आल्या.

इथेच थांबवता आलं असतं. तिने अंगठा उचलला. “यस, यस,” गेल्या वर्षीची योगेश्वरी फोनमधून म्हणाली, बारीक, गोड, अगदी खोटी — उर्वशी फिसकन हसली, सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्याने ती स्वतः... पोट दुखेपर्यंत!

यंदा सारसांनी पुन्हा आमच्याच धानाच्या बांधीत घरटं केलंय. रविवारी त्या बाई पुन्हा येणार. बोला की बाई, कितीही भरभर, पंप चालू असू दे, बाबा फोन धरून असू देत — धुऱ्यावर थांबवायला या दोन रेघा नसतील... नसू देत.