निनावीचं जाहीर वाचन

आमची थोरली चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकायला लागली. जावई गेल्यापासून घर आणि माझं पडद्यांचं दुकान यापलीकडे तिला जग उरलं नव्हतं, म्हणून मीच तिला हाकललं. शिकताना होणारी फजिती ती ब्लॉगवर लिहायची. नाकात पाणी गेलं, पाय वर आले, डोकं खाली राहिलं, असलं. लोक वाचून हसायचे, तीही हसायची.

मग एक दिवस तिने पोहायची पिशवी माळ्यावर टाकली.

"काय झालं?"

"कंटाळा आला."

"कंटाळा आला की तू लोळतेस, आवराआवर करत नाहीस. खरं बोल."

तिने फोन पुढे केला. ब्लॉगखाली कुणीतरी नाव न लावता लिहिलं होतं. मला जोडाक्षरं लावायला वेळ लागतो, पण विष कळायला शाळा लागत नाही. 'विधवेने या वयात अंग दाखवत फिरायचं.' 'कालचा हिरवा पोशाख म्हशीलाही शोभला नसता.'

"हिरवा मी कालच पहिल्यांदा घातला होता, आई. म्हणजे हे माणूस तिथलंच आहे. मला आता पाण्यात उतरवत नाही."

"उद्या मी येते."

"भांडू नकोस हं."

"भांडते कशाला? बसायला येते."

बायकांची वेळ होती. थोरली पाण्यात उतरली, पण तलावाच्या काठाला धरून नुसती उभी. बाकावर बायका टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. मी बाजूला बसलेल्या बाईपुढे फोन धरला. "ताई, एवढं वाचून दाखवता? माझ्या लेकीला कुणीतरी लिहिलंय. जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं."

ऐकू मला उत्तम येतं.

ती बाई दिमाखात सुरू झाली आणि पहिल्याच ओळीत तिचा आवाज बसला. "पुढचं मला नाही वाचवत हो." मग फोन तिच्या पलीकडच्या बाईकडे गेला. ती म्हशीपाशी अडली.

"म्हशीला काय झालं?" शिकवणाऱ्या बाईंनी पाण्यातूनच विचारलं. तिला पुन्हा वाचावं लागलं, आता ओरडून.

"अहो, माझाही हिरवाच आहे," टपाल वाटणारी म्हणाली. चांगली ऐसपैस बाई. "मग मी कोण?"

अख्खा बाक हसला. कोण हसलं नाही हे मी बघितलंसुद्धा नाही. चोर धरायला मी आलेच नव्हते. घरी थोरलीने ज्याचा धसका घेतला होता, ते इथे चार तोंडांतून फिरून पायपुसण्यासारखं झालं होतं.

थोरलीचे कान लाल झाले होते. तेवढ्यात टपालवाली धपकन पाण्यात उतरली आणि म्हणाली, "ए म्हशी, सरक की, मला जागा दे."

थोरली फिस्सकन हसली आणि काठ सोडून हातपाय मारत निघाली.

संध्याकाळी मी पडद्याच्या चुण्या घालत होते, तेव्हा नवं आलेलं तिने स्वतःच मला वाचून दाखवलं. 'आता आईला पहाऱ्यावर आणतेस?'

"काय उत्तर देऊ?"

"तोंड लपवून बोलणाऱ्याला उत्तर देत बसलीस, तर या चुण्या कोण घालेल?"

तिने ते पुसून टाकलं. "उद्या येशील?"

"मला कामं नाहीत का? तू जा."

ती गेली, आणि दुकानात इतक्या उशिरा आली की सगळी गिऱ्हाइकं मला एकटीला सांभाळावी लागली. त्याबद्दल मी तिला चांगलं ऐकवलं. तिने ओले केस झटकत ऐकून घेतलं.