उडीची जागा

डॅरिलने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि अंगणातल्या सगळ्या मावश्या पुन्हा चुकल्या.

चुकल्या त्याही एकजुटीने. चौथ्या ओळीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एक छोटी उडी मारली. त्या जमिनीवर येईपर्यंत गाणं पुढे निघून गेलं होतं.

"मम्मी, तिथे उडी नाहीये," डॅरिल म्हणाला.

"तिथे उडीच आहे," एथेल म्हणाली. "लग्न होऊन मरोळला आले, तेव्हापासून मारतेय."

पायरीवर बसलेले डॅरिलचे पपा, बॅप्टिस्ट, खूश झाले. उद्या त्यांच्या मुलीचं, व्हॅलेन्सियाचं, उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. गेली कित्येक वर्षं गावठाणातल्या प्रत्येक नवरीचं पाणी बॅप्टिस्टच्या ट्रंपेटमागे आलं होतं. पण नाताळात त्यांना कवळी बसली. दात पांढरेशुभ्र होते आणि तोंडाच्या मालकाशी त्यांची अजून ओळख व्हायची होती. पहिल्याच फुंकरीला ट्रंपेटमधून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. त्याच दिवशी ट्रंपेट कपाटावर गेला. वाजवीन तर पूर्वीसारखं, नाहीतर नाही, असं बॅप्टिस्टनी जाहीर केलं.

माझ्या पाण्याला वाजवणार ना, असं व्हॅलेन्सियाने आधी रोज विचारलं. मग विचारायचं बंद केलं. ते त्यांना जास्त लागलं.

म्हणून डॅरिलने पाण्याला जाताना वाजायची ती जुनी चाल लॅपटॉपवर बांधली होती.

"बघ तुमचं आजचं म्युझिक," बॅप्टिस्ट म्हणाले. "बायका पडायला लागल्या. आमच्या वेळी सूर म्हणजे सूर, ठेका म्हणजे ठेका. घड्याळ लावून घ्यायचं."

"पपा, मशीन आहे ते. ठेका चुकूच शकत नाही."

"मग काय, सगळं गाव चुकतंय?"

डॅरिल आत गेला. एथेलचा जुना टेपरेकॉर्डर आणि कुणाच्या तरी लग्नाची एक कॅसेट घेऊन आला. "ऐकूया. होऊन जाऊ दे."

कॅसेट आधी खोकली. मग ढोल सुरू झाला आणि त्याच्या मागून, पत्ता विचारत आल्यासारखा, ट्रंपेट आला. सूर थोडा खाली होता. चौथ्या ओळीच्या शेवटी तो बंदच पडला. कुणीतरी जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला, तेवढा वेळ ढोलवाला थांबला, आणि मग सगळे पुढे निघाले.

त्या रिकाम्या जागेत अंगणातल्या मावश्यांनी उडी मारली. आणि बरोबर ठेक्यावर उतरल्या.

डॅरिलने कॅसेट मागे नेऊन तेवढंच पुन्हा लावलं.

"वाजवतोय कोण हा?" बॅप्टिस्टनी विचारलं. "बेसूर आहे."

एथेल लुगड्याची निरी सारखी करत राहिली.

"तेव्हा तुझ्या विड्या चालू होत्या," ती शेवटी म्हणाली. "दम पुरायचा नाही तुला. आम्ही काय नुसतं उभं राहायचं?"

डॅरिलला हसू येत होतं, पण त्याने बापाचा चेहरा पाहिला आणि टेप बंद केला. बॅप्टिस्टनी कवळी काढली, उलटसुलट करून पाहिली, परत बसवली.

"कायम असंच वाजवायचो?"

"कायम," एथेल म्हणाली. "कधी कधी ह्याहून वाईट."

बॅप्टिस्टनी वळून दारातून आतल्या कपाटाकडे पाहिलं.

"डॅरिल," ते म्हणाले, "स्टूल आण."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरीच राहिला आणि ढोल डॅरिलच्या गळ्यात गेला. विहीर आता एका टॉवरच्या पार्किंगमध्ये होती. तिच्यावर जाळी होती आणि जाळीवर कुणाची तरी स्कूटर. स्कूटर हलवून पाणी काढेपर्यंत वॉचमनने दोन लाडू खाल्ले होते.

चौथ्या ओळीत बॅप्टिस्टचा दम सुटला आणि सगळ्यांनी उडी मारली. ते अपेक्षितच होतं. पण गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा दुसऱ्याच ओळीत कवळी सरकली. तिला जिभेने जागेवर ढकलेपर्यंत ट्रंपेट गप्प झाला आणि चालत्या बायका एकमेकींवर आदळल्या. बॅप्टिस्टनी मागे वळून पाहिलं नाही. मान ताठ ठेवून ते पुढे वाजवत राहिले. कवळी मात्र दर वेळी तिथेच सरकत राहिली.

नवरी घरीच थांबते. दारात हळद लावून उभ्या असलेल्या व्हॅलेन्सियाला ट्रंपेट आधी ऐकू आला. मग वळणावर पपा दिसले, मागे ढोल, त्याच्या मागे कळशी घेतलेली मम्मी. दुसऱ्या ओळीत ट्रंपेट थांबला. ढोलही थांबला. मम्मीने कळशी घट्ट धरून एक छोटी उडी मारली, आणि तिच्या मागे अख्ख्या गावठाणाने.

व्हॅलेन्सियाने उंबऱ्यावरच ती उडी एकदा मारून पाहिली.