जिताडा आधी

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात माझ्याइतकं भांडणारं दुसरं कुणी नाही. भांडले नसते तर आमचं गाव नकाशात आलंच नसतं. उधाण आलं की खाडीचं पाणी कुठे किती शिरेल, याचा अंदाज आमची कंपनी काढते. त्यासाठी केलेल्या खाडीपट्ट्याच्या पस्तीस तुकड्यांत करंजाडे होतं, कळंबोली होतं, तळोजासुद्धा होतं. आमचं मासेमारीचं गाव तेवढं नव्हतं. मी भांडून ते छत्तिसावं जोडलं, यादीत सगळ्यात शेवटी.

गेल्या उधाणाला पाण्यावाऱ्याचे ताजे आकडे साडेअकराला आले. आकडेमोड यादीच्या क्रमाने बारा कॉम्प्युटरवर वाटून दिली, ती संपली एक वाजून दहा मिनिटांनी. पडद्यावर आलं, गावात पाणी शिरणार. तेव्हा माझी आई, बायजा, घरात गुडघाभर पाण्यात उभी राहून भिजलेले सुके बोंबील खाटेवर चढवत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"रुतिका, पुढच्या पौर्णिमेचं उधाण शुक्रवारी आहे," नंदकुमार सर म्हणाले. "अंदाज तासाभरात आला तर ठीक. नाहीतर मी बाहेरचं तयार सॉफ्टवेअर घेतो."

त्या सॉफ्टवेअरच्या नकाशात आमचं गाव म्हणजे नुसतं निळं पाणी होतं.

मग मी एकच काम अनेक कॉम्प्युटरवर वाटून देणारी सॉफ्टवेअरची चार हत्यारं घेतली. चारही फुकट, आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येईल अशी. एमपीआय चपळ, पण मानी: कुणी कुणाला काय निरोप द्यायचा, ते सगळं आपणच लिहून द्यायचं. स्पार्क मोठमोठ्या तक्त्यांना उत्तम, आमच्या कामाला जरा अवजड. रे आणि डास्क आमचा प्रोग्राम लिहिलाय त्या पायथॉन भाषेशी घरच्यासारखी वागणारी. तीन आठवडे घासले. चौघांचाही वेळ एक तास चाळीस मिनिटं, दोन मिनिटं इकडेतिकडे.

"ते शेवटचं गाव काढून टाक ना," बाजूच्या टेबलावरचा वरद म्हणाला. "पाऊण तासात खेळ खल्लास. टेन्शन कशाला घेतेस?"

"तुझी सोसायटी काढू?"

तो आपल्या पडद्याकडे वळला. पण पाऊण तास माझ्या डोक्यातून जाईना. तिवरांतल्या बारीक ओढ्यांमुळे आमचं गाव एकटंच पंचावन्न मिनिटं खातं, हे मला माहीत होतं. पाऊण तास आणि पंचावन्न मिनिटं.

गुरुवारी सकाळी धर्माकाकांनी होडी किनाऱ्याला लावली. ती चार घरांची सामाईक, त्यामुळे माशांचे चार वाटे पडतात. एरवी ते मीच घालते, पण मला पोचायला उशीर झाला आणि माझा चुलतभाऊ दत्तू बसला होता. त्याने आधी बोयटं, कोलंबी, सगळं बारीकसारीक चार ढिगांत अगदी सारखं वाटलं होतं. आता टोपलीत हातभर लांबीचा एकच जिताडा उरला होता, आणि चारही घरं तावातावाने भांडत होती.

"अरे येड्या," मी ओरडले, "आधी जिताडा टाकायचा! मंग बारीक मच्छी बाकीच्यांत जास्त घालायची. सगला बारीक वाटून बसलास, आता ह्याला कुठं घालतोस?"

बोलले आणि तिथेच थांबले. दत्तूचं तोंड बघवत नव्हतं, आणि माझंही तसंच झालं असणार.

डास्कमध्ये बाराही कॉम्प्युटर काय करताहेत ते एका पडद्यावर दिसतं. तीन आठवडे मी तो पडदा बघत होते. पाऊण तासानंतर अकरा कॉम्प्युटर हात बांधून बसत होते, एकटा बारावा आमचं गाव ओढत होता, आणि मी शिव्या देत होते हत्याराला! जिताडा यादीच्या शेवटी ठेवला होता मीच.

ऑफिसात जाऊन गाव यादीत पहिलं आणलं. चारही हत्यारं तासाच्या आत आली. त्यातलं डास्क निवडलं, ते त्या पडद्यासाठी. माझी चूक त्याने पहिल्या दिवसापासून दाखवली होती, मीच बघितली नव्हती.

शुक्रवारी साडेअकराला काम सुरू केलं. सर मागे उभे. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी छत्तीसच्या छत्तीस तुकडे हजर. सर काही बोलायच्या आत मी आईला फोन लावला.

"आई, पानी येनार हाय."

"आज पुनव हाय, ते मला म्हाईत हाय. किती येल, ते सांग."

"उंबऱ्याच्या वर चार बोटं."

तिने फोन ठेवला. सर खुर्ची ओढून बसले. "बाहेरच्यांना नको म्हणून कळवतो," म्हणाले. मी मान हलवली, लक्ष फोनकडे.

पावणेदोनला तो वाजला.

"तीन बोटं आला," आई म्हणाली. "एक बोट चुकलीस."

"आनि बोंबील?"

"माल्यावर हायेत. एक पन भिजला नाय."