नकाशात नसलेला खांब

चष्मेवाल्याच्या दुकानात अगदी मध्यभागी एक खांब होता. वडिलांनी बांधलेलं दुकान, त्यांनीच उभा केलेला खांब. चष्मेवाल्याने त्याची कधी अडचण मानली नाही. त्याच्यावर आरसा ठोकला, आणि गिऱ्हाइकं नवी फ्रेम नाकावर चढवून तिथेच माना वेळावू लागली.

पण पुढच्या चौकात झगमगीत दुकानं आली आणि याच्याकडे येणारे फक्त सैल झालेला स्क्रू आवळून मागू लागले. तोही फुकट. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने एका मोठ्या चष्मा कंपनीच्या फ्रँचायझीसाठी अर्ज केला. कंपनीची अट एकच होती. जागेचा नकाशा आधी त्यांच्याकडून मंजूर व्हायला हवा, बाकीचं बोलणं नंतर.

नकाशा काढला मेहुण्याने. त्याचा धंदाच तो. पहिला नकाशा परत आला: दारातून काउंटरपर्यंत नजर मोकळी हवी, खांब चालणार नाही. खांबाला आरशांनी मढवलेला दुसरा नकाशाही तसाच परत आला.

"अहो, एवढासा खांब आपलं नशीब अडवून बसणार का?" बायको जेवताना म्हणाली. चष्मेवाल्याच्याही मनात तेच होतं.

तिसरा नकाशा मंजूर झाला आणि घराला आभाळ ठेंगणं झालं. मेहुणा तेवढा गप्प गप्प होता, पण आनंदाच्या भरात कोण विचारतो? चष्मेवाल्याने जुनी कपाटं मोडीत काढली, पाटी उतरवली, तयार चष्मे लोकांच्या घरी नेऊन दिले. "आता कंपनीच्या दुकानात यायचं," असं सांगताना त्याची छाती फुगायची.

मग कंपनीची माणसं काउंटर घेऊन आली. मंजूर नकाशाच्या मापाने कारखान्यातच बनवलेला, लांबलचक, अखंड काचेचा. उचलून आत आणला आणि घोडं अडलं. फिटरने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडे.

"मालक, हा खांब नकाशात नाहीये."

"असं कसं होईल? दाखवा बघू."

खरंच नव्हता. खाली सही मात्र चष्मेवाल्याचीच होती. जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासली आणि स्वतः न बघता सही ठोकली.

मेहुण्याला बोलावणं गेलं. तो दारातच थबकला.

"दाजी, आमच्या कामात कागद पास झाला की झालं. जागेवर कोण बघायला येतंय? मला वाटलं, काउंटर इथेच सुतार बनवतील, खांबाला वळसा घालून. तुमचं काम व्हावं म्हणूनच केलं हो."

बायको भावाकडे बघेना, नवऱ्याकडेही बघेना. चष्मेवाल्याला वाटलं, याला दोन ठेवून द्याव्यात. पण हात उचलवेना. खांब नाहीसा व्हावा असं या घरात कुणाला वाटत नव्हतं?

कंपनीतली बाई फोनवर फार गोड बोलली. नकाशाप्रमाणे जागा करून द्या, नाहीतर मंजुरी रद्द. आणि खोटा नकाशा दिल्यामुळे पुन्हा अर्जही घेता येणार नाही.

गवंडी आला. त्याने खांबावर हातोडी वाजवली, छताकडे पाहिलं. "हा काढलात तर वरची खोली खाली येईल. कोण राहतं वर?"

"आई."

"मग विषयच संपला."

काउंटर गाडीत चढवून माणसं निघून गेली. जुनं दुकान मोडलेलं, नवं होणार नाही. उद्या शटर उघडून आत करायचं काय, हे चष्मेवाल्याला समजेना. तो जमिनीवरच बसला. इतका हताश तो वडील गेले तेव्हाही झाला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. आई उतरत होती. गुडघ्यांनी जेरीस आणल्यापासून ती खाली आलीच नव्हती. एक हात कठड्यावर, दुसऱ्या काखेत उशी. सून धावली, तोवर ती शेवटच्या पायरीवर धापा टाकत टेकली होती.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "माझ्यामुळे अडलंय ना तुझं? मग मी नाही राहत वर. त्या गवंड्याला म्हणावं, काढ खांब."

"आई, तसं नसतं गं," चष्मेवाला म्हणाला. "खांब काढला तर छतच खाली येईल."

तिला ते पटलं नाही. तिने उशी मांडीवर घेतली.

"मग मला दुसरीकडे कुठेतरी ठेव रे," ती म्हणाली. "पण तुझं दुकान होऊ दे."