चोरी माझी, नाव वगीदाचे

मी एक म्हातारी कोंबडी आहे, मित्रांनो, आणि मी चोर आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मध्येच तुम्ही माझी कीव करू लागाल.

माझे नाव सिमसिमा, म्हणजे तिळाची. आम्हा फय्यूम प्रांतातल्या कोंबड्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके असतात, म्हणून हे नाव. कालव्याकाठच्या इन्शिराहच्या मातीच्या घरात, गच्चीवर माझा जन्म झाला. शेजारच्या वगीदाची गच्ची लागूनच होती. मध्ये गुडघाभर भिंत. तीस वर्षांत ती वाढवावी असे दोघींना कधी वाटले नाही.

तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली पोर असताना माझा तोरा काय सांगू! अंडे घालायचे आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडायचे. इन्शिराह रोज सकाळी आम्हा तिघी कोंबड्यांना एकेक करून काखेत धरायची आणि शेपटीखाली बोटाने चाचपायची. आत अंडे लागले की ती कोंबडी दुपारपर्यंत खुराड्यात बंद. आपले बोट कधी खोटे बोलत नाही, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि खरेच, ते खोटे बोलत नसे.

वगीदाची भाकरीची भट्टी तिच्या गच्चीवर होती. भट्टी निवताना ती अंड्यांची टरफले तिच्यात भाजायची, कुटायची आणि भिंतीवरून मूठभर आमच्यापुढे टाकायची. तिला कुणी सांगितले नव्हते, कुणी तिचे आभारही मानले नव्हते. त्या भुकटीनेच आमच्या अंड्यांचे कवच घट्ट होते, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

चौथ्या वर्षी माझ्या पोटात काहीतरी बिघडले. एके दिवशी अंडे आले ते बिनकवचाचे, नुसत्या पातळ कातड्यातले, गिळगिळीत. मला इतकी लाज वाटली की कुणी पाहायच्या आत मी ते खाऊन टाकले. कातडेसुद्धा ठेवले नाही. वर सवयीने ओरडलेही. पुढच्या अंड्याचेही तेच झाले, त्याच्या पुढच्याचेही. बाकीच्या दोघींनी पाहिले होते, पण कोंबड्यांच्या चहाड्या माणसांना कळत नाहीत.

बोट म्हणे अंडे आहे, माझे ओरडणे म्हणे घातले, आणि गवतात पाहावे तर काहीच नाही. इन्शिराहने पंधरा दिवस कळ काढली. मग कालव्यावर भांडी घासताना ती बायकांपुढे, अंडी नेणारी म्हणून, भिंतीपलीकडच्या वगीदाचे नाव बोलून गेली. बायकांनी ते दारोदार पोचवले. संध्याकाळी वगीदा भिंतीपाशी आली.

"तीस वर्षं एकमेकींच्या पोरांना भरवलं गं आपण," ती म्हणाली. "आणि आता मी तुझं एक अंडं चोरीन?"

"माझं बोट खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाले मी."

"मग बोटालाच विचार, खाल्लं कुणी ते."

मी तीन हातांवर उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला बोलता येत नाही, हे खरे. पण मित्रांनो, बोलता आले असते तरी मी बोलले असते का, याची मला अजून खात्री नाही.

वगीदाने भट्टी खाली अंगणात नेली. तिचे गच्चीवर येणे थांबले, तशी भुकटीही थांबली. मग दुसऱ्या दोघींचीही अंडी पातळ येऊ लागली, हात लावताच फुटू लागली. आणि माझे एक अंडे आतच अडकले. दोन दिवस मी पंख सोडून, डोळे मिटून बसले. इन्शिराहने बोट लावून पाहिले आणि तिचे तोंड उतरले. कोंबडीचे दुखणे कळणारी गल्लीत एकच बाई होती. इन्शिराह भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने हाक मारली.

वगीदा आली. "कोंबडीनं काही माझ्यावर आळ घेतला नव्हता," एवढेच म्हणाली. तिने घमेल्यात कोमट पाणी घेऊन मला पोटापर्यंत बसवले, तेल लावले आणि कितीतरी वेळ हलक्या हाताने धरून ठेवले. शेवटी ते अंडे तिच्या तळहातावर आले, मऊ, चेपलेले. आणि माझी मान आपोआप वळली. दोघींच्या डोळ्यांदेखत मी त्यावर चोच मारली.

मग वगीदाने मला इन्शिराहच्या मांडीवर ठेवले. "हा घे तुझा चोर."

इन्शिराह रडू लागली. माफ कर, म्हणाली.

"माफी घेऊन मी काय करू? हिला टरफलं लागतील, रोज मूठभर. माझ्या एकटीच्या घरी एवढी निघत नाहीत. ज्या ज्या दारात माझं नाव गेलं, त्या त्या दारातून मागून आण."

दुसऱ्या दिवशी इन्शिराह वाडगा घेऊन निघाली. टरफले कशाला हवीत, असे प्रत्येक दारात विचारले गेले आणि प्रत्येक दारात तिला सगळे सांगावे लागले. सात दारे. परतली तेव्हा तिने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली होती. ती लाज माझी होती, मित्रांनो. वाहिली मात्र तिने.

आता मी अंडी घालत नाही, तरी माझ्यावर सुरी चाललेली नाही. भट्टी पुन्हा गच्चीवर आली आहे. तुमच्या घरी कोंबडी असेल तर तिला कुटलेली टरफले घाला, ती गप्प बसली तर तिला हातात घेऊन पाहा. आणि गवतात अंडे सापडले नाही तर शेजारच्या दाराकडे पाहण्याआधी तिच्या चोचीकडे पाहा.

वगीदा अजूनही भिंतीवरून मूठ टाकते. मी सगळ्यांत शेवटी जाते आणि मान खाली घालून टिपते. कोंबड्या तशाच टिपतात, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.